बिनविषयाचं अवघड शब्दकोडं: लांब शब्द आधी की बारीक शब्द आधी?

टिळकवाडी_वाचक:
विषय ठरलेलं कोडं सोपं जातं. संत किंवा किल्ले असा धागा एकदा सापडला की उरलेली उत्तरं त्याच यादीत शोधायची असतात. बिनविषयाच्या कोड्यात दोन शब्दांचं नातं फक्त छेदापुरतं, म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना कापतात त्या सामायिक चौकटीपुरतं. तरीही वाचनालयाच्या टेबलावर बघा, बहुतेक जण सगळ्यात लांब ओळ धरून बसतात आणि तिथेच अडकतात. माझं ठाम मत आहे की सुरुवात दोन-तीन अक्षरी शब्दांनी करावी, आणि तेही अख्खे न लिहिता फक्त त्यांची खात्रीची अक्षरं लिहावीत.

सूचना आहे 'कमळ', चौकटी तीन. पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज: पाचही 'ज'वर संपतात. तिसऱ्या चौकटीत फिका 'ज' लिहा आणि पुढे जा. 'ढग' तीन अक्षरी असेल तर जलद, नीरद, अंबुद, तोयद, म्हणजे शेवटी 'द'. 'समुद्र' असेल तर जलधी, वारिधी, पयोधी, शेवटी 'धी'. सूचनेत 'करणे', 'टाकणे' असं असेल तर उत्तर 'णे'वर संपणार. 'करणारा' असं असेल तर 'णारा' किंवा 'क'. गुण विचारला असेल तर 'ता', 'पणा', 'त्व'. शब्द न सापडताच कोड्यातली बरीच शेवटची अक्षरं अशी भरता येतात.

एवढ्यावर काम भागतं, कारण आपली चौकट फार बोलकी आहे. इंग्रजी कोड्यात एका चौकटीत २६ शक्यता. आपल्याकडे व्यंजन, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर धरून शेकडो. एक अक्षर बसलं की अर्धा शब्द कळतो. पाऊण कोडं भरेपर्यंत कोश उघडूच नये.

निपाणीकर:
शेवटचं अक्षर आधी लिहायची युक्ती चांगली आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. बारीक शब्दच सगळ्यात दगाबाज असतात. 'पाणी', चौकटी दोन: जल, नीर, तोय. शेवट वेगळे, सुरुवात वेगळी, हातात काहीच लागत नाही. तुमच्या कमळालाही उत्पल, राजीव, नलिनी ही तीन अक्षरी उत्तरं आहेतच. म्हणजे तो 'ज' खात्रीचा नाही, अंदाजाचा आहे.

लांब शब्दाचं बळ त्याच्या लांबीत असतं. 'ऐन वेळी योग्य ते सुचण्याचा गुण' ही सूचना घ्या. चौकटी सहा असतील तर प्रसंगावधान (प्र-सं-गा-व-धा-न), सात असतील तर समयसूचकता (स-म-य-सू-च-क-ता), आणि आठ असतील तर हजरजबाबीपणाचा विचार करायचा. एकही छेद न वापरता नुसत्या मोजणीवर निकाल लागतो. आणि 'गुण' दिसला म्हणून शेवटी 'ता' लिहिणाऱ्याचा इथे सहा चौकटींत घात होतो, कारण प्रसंगावधान 'न'वर संपतं. सात अक्षरी शब्द बसला की निदान तीन उभे शब्द उघडतात. दोन अक्षरी शब्द बरोबर आला तरी एखादाच.

शहापूर_पेठ:
'एक अक्षर बसलं की अर्धा शब्द कळतो' या वाक्याला माझा विरोध आहे. आपल्याच भागातलं, बेळगाव जिल्ह्यातलं उदाहरण घ्या.

आडवा शब्द: 'गोकाकची ओळख', चौकटी चार. करदंट ही मिठाई (क-र-दं-ट), धबधबा (ध-ब-ध-बा), घटप्रभा नदी (घ-ट-प्र-भा), तिन्ही चार अक्षरी आणि तिन्ही रास्त. तिसऱ्या चौकटीतून खाली जाणारा उभा शब्द: 'चालत आलेली रीत', चौकटी तीन. दंडक लिहिलंत तर वर करदंट जुळतं. प्रघात लिहिलंत तर घटप्रभा जुळतं. दोन्ही जोड्या आपापल्या जागी निर्दोष! माणूस छेद जुळला म्हणून पेनाने गिरवतो आणि तो कोपरा बंद होतो. मग पुढचे शब्द जमत नाहीत तेव्हा तो त्या पुढच्या शब्दांना दोष देत बसतो.

म्हणून एक छेद जुळणं हा पुरावा धरू नये. एकाच शब्दावर दोन वेगवेगळ्या सूचनांचे छेद जुळले तरच तो पक्का. वरच्या उदाहरणात चौथ्या चौकटीचा उभा शब्द 'ट'ने सुरू होतो की 'भा'ने, हे बघितल्याशिवाय पेन उचलू नये.

खानापूरकर:
लांब-बारीक हा वाद नंतरचा. आधी चौकटी मोजायला यायला हव्यात. अर्धं अक्षर पुढच्या अक्षराबरोबर एकाच चौकटीत जातं, रफारही पुढच्यावर. पुस्तक तीन (पु-स्त-क), सर्प दोन (स-र्प), वाङ्मय तीन (वा-ङ्म-य), कार्यकर्ता चार (का-र्य-क-र्ता). नवीन माणूस 'स्' वेगळ्या चौकटीत लिहितो आणि शब्द बसत नाही म्हणून बरोबर उत्तर सोडून देतो.

दुसरं, शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. आजची कोडी त्या नियमांवर चालतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू. अपवाद 'आणि', 'नि' आणि 'तथापि', 'परंतु' यांसारखी अव्ययं. म्हणून एखाद्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत छेदातून ऱ्हस्व वेलांटी येत असेल तर बहुतेक वेळा छेद देणारा शब्दच चुकलेला असतो. 'गांव', 'नांव' यांतला अनुस्वारही गेला. जुन्या सवयीने 'गां' लिहिलंत तर 'गा'ने सुरू होणारा उभा शब्द सुचणारच नाही.

काही कोडेकार 'मि' आणि 'मी' छेदात सारखे धरतात, काही धरत नाहीत. हे पहिल्या चार-पाच खात्रीच्या उत्तरांतून ओळखायचं. जमीन आणि मिरची एकाच चौकटीत छेदलेले दिसले तर कोडेकार सैल आहे. मग पुढे वेलांटीवर अडून बसू नका. कडक कोडेकार असेल तर वेलांटी हीच खूण.

आता तुमच्या वादाबद्दल. 'बेळगाव जिल्ह्यातली नदी', चौकटी चार. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा. पाच नावं झाली, आणि आमच्या तालुक्यातली महादयी धरली तर सहा. आता सांगा, इथे बारीक शब्द आधी की लांब? इथे फक्त कुठली चौकट उपयोगाची ते बघायचं. शेवटच्या चौकटीतून 'भा' मिळालं तरी मलप्रभा-घटप्रभा वेगळ्या होत नाहीत, 'गा' मिळालं तरी दूधगंगा-वेदगंगा तशाच. पहिली चौकट मिळाली तर बहुतेक निकाल लागतो, 'म' आला तरी मलप्रभा आणि महादयी उरतात. दुसरी चौकट मिळाली तर सहाच्या सहा वेगळ्या होतात: ल, ट, र्कं, ध, द, हा. म्हणून दुसऱ्या चौकटीतून खाली जाणारा शब्द आधी सोडवा, मग तो दोन अक्षरी असो की सात.

टिळकवाडी_वाचक:
खानापूरकर, दुसऱ्या चौकटीचा मुद्दा मान्य. पर्याय वेगळे करणारी चौकट शोधा, हे माझ्या पद्धतीत बसतंच. निपाणीकरांना मात्र विचारतो, प्रसंगावधान हा शब्द ज्याला लगेच आठवत नाही त्याने काय करायचं? लांब ओळ सुचली तर प्रश्नच नाही. अवघड कोड्यात ती सुचत नाही म्हणूनच ते अवघड. न्यूयॉर्क टाइम्सची शुक्रवार-शनिवारची कोडी बिनविषयाची असतात: १५ बाय १५ ची जाळी, शब्द जास्तीत जास्त ७२. शब्द जितके कमी तितके ते लांब, आणि कोडं तितकं कठीण. तिथेही मुरलेले लोक लांब ओळी बारीक शब्दांच्या आधाराने फोडतात.

निपाणीकर:
त्या जाळीत प्रत्येक चौकट आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येते. बारीक शब्द चुकला तर छेद लगेच पकडतो. आपल्या कोड्यांत काळ्या चौकटी जास्त, आणि एकाच शब्दात येणाऱ्या, म्हणजे छेद नसलेल्या चौकटी भरपूर. दोन अक्षरी शब्दाला पुष्कळदा एकच छेद असतो, त्याची दुसरी चौकट कोणीच तपासत नाही. तिथली पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही, हेच माझं म्हणणं. सात अक्षरी ओळीला तीन-चार छेद असतात. चूक असेल तर ती ओळ स्वतःच सांगते.

आणि लांब शब्द न आठवणाऱ्याने तो तुकड्यांत फोडावा. मराठीतले लांब शब्द बहुतेक जोडलेले असतात. शेवट 'परायण', 'शून्य', 'पूर्वक', 'दायक' यांपैकी एखादा दिसला की सुरुवातीला दोन-तीन अक्षरंच शोधायची उरतात.

हुक्केरी_रोड:
आपल्या भागातल्या सोडवणाऱ्यांचा खरा त्रास वेगळाच आहे आणि त्यावर कोणी बोललं नाही. गावांची नावं. २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे. कोड्यात बेळगाव. चौकटी दोन्हीकडे चारच, पण शेवटची 'व' की 'वी', यावर खालचा शब्द फिरतो. चिकोडी-चिक्कोडी, निपाणी-निप्पाणी: मोजणी तीच, मधली चौकट वेगळी. सौंदत्ती तीन चौकटी, सवदत्ती चार, इथे तर मोजणीच बदलते. सोडवणारा पाटीवर एक रूप वाचतो आणि कोडं दुसरं मागतं. कोडेकाराने सूचनेतच 'प्रचलित नाव' किंवा 'सरकारी नाव' असं लिहिलं पाहिजे. नाहीतर तो सोडवणाऱ्यावर अन्याय आहे.

अनगोळ_नाका:
मला हे पटत नाही. मराठी कोड्यात मराठीत लिहिलं-बोललं जाणारं रूपच येणार, त्यासाठी सूचनेत वेगळी खूण कशाला? पुण्या-कोल्हापूरचा सोडवणारा पाटी बघत नाही, तो बेळगाव, निपाणी, चिकोडी, सौंदत्तीच लिहितो. आपणही घरात तेच म्हणतो. खूण दिली तर उलट निम्मं उत्तर सूचनेतच सांगून टाकल्यासारखं होईल.

हुक्केरी_रोड:
घरात म्हणतो ते ठीक. पण ज्या मुलांची शाळा कन्नड माध्यमातून झाली आणि जी आता घरच्या मराठीसाठी कोडी सोडवायला लागलीत, त्यांच्या डोळ्यांसमोर पाटीवरचं रूपच येतं. त्यांना 'क्को' आणि 'को'मधला फरक कोडं अडल्यावर कळतो, आणि मग ती कोडं सोडून देतात. दोन शब्दांची खूण देऊन ती मुलं टिकणार असतील तर द्यावी की!

अनगोळ_नाका:
मुलं टिकावीत हे मलाही वाटतं. त्यांच्यासाठी सोपं कोडं वेगळं द्या. बिनविषयाच्या अवघड कोड्यात गावाचं नाव येतं ते छेद ताणण्यासाठीच.

वडगाव_विणकर:
कोशाच्या मुद्द्यावर नंतर कोणी बोललं नाही. पाऊण कोडं होईपर्यंत कोश मिटलेला ठेवा, हा नियम मला उलटा वाटतो. छापील कोश शब्दाच्या सुरुवातीवर लावलेला असतो. तुमच्याकडे शेवटचं अक्षर असेल तर तो काहीच मदत करत नाही, कोडं पाऊण होवो की अर्धं. पहिली दोन अक्षरं आणि लांबी हातात असेल तर तो लगेच उघडावा, कारण शोध दोन पानांत संपतो. म्हणजे कोश कधी उघडायचा हे किती कोडं भरलंय यावर ठरत नाही, कुठली चौकट भरलीय यावर ठरतं.

कुठला कोश हेही महत्त्वाचं. मोल्सवर्थचा १८३१ चा (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात विभाग) हे जुने, दुर्मीळ शब्दांसाठी सर्वांत भरवशाचे. पण दोन्ही १९६२ च्या आधीचे. तिथलं लेखन जसंच्या तसं चौकटीत उतरवू नका. शब्द तिथून घ्या, वेलांटी-उकार-अनुस्वार आजच्या नियमाने लावा.

टिळकवाडी_वाचक:
पण कोश लवकर उघडला की सूचनेतला श्लेष नजरेतून निसटतो. 'नाटकातही असतो, दिवाळीतही निघतो' याचं उत्तर अंक. कोशात 'नाटक' शोधून ते मिळणार नाही, सूचनेवर विचार करूनच मिळेल. 'साडीला आणि नदीला', चौकटी दोन, म्हणजे काठ. ही सवय लागायची तर सुरुवातीला पुस्तक दूर हवं. या मुद्द्यावरून मी हलणार नाही.

शहापूर_पेठ:
अडलेल्या कोपऱ्याबद्दल सांगतो, कारण पद्धत कुठलीही घ्या, शेवटी एक कोपरा अडतोच. तिथे सगळं खोडू नका. त्या कोपऱ्यातल्या प्रत्येक उत्तराशेजारी त्याला किती छेदांनी दुजोरा दिलाय तो आकडा लिहा. शून्य किंवा एक असलेलं सगळ्यात लांब उत्तर आधी खोडा, बाकीची तशीच ठेवा. दहापैकी बऱ्याच वेळा तेच चुकलेलं असतं.

तरीही सुटत नसेल तर छपाई तपासा. जाळी अर्ध्या फेऱ्यात सारखी असेल, म्हणजे कागद उलटा धरला तरी काळ्या चौकटी तिथेच दिसत असतील, तर हे सोपं आहे. १५ बाय १५ मध्ये दुसऱ्या ओळीची तिसरी चौकट काळी असेल तर चौदाव्या ओळीची तेरावी काळी हवी. ओळींची बेरीज १६, रकान्यांची बेरीज १६. जोडी नसेल तर एक काळी चौकट छापताना राहिलीय आणि तुम्ही दोन शब्द एक समजून मोजताय.

वर्तमानपत्राच्या कागदावर ०.५ मिमीची टोकदार पेन्सिल वापरू नका, कागद फाटतो. टू-बी (2B) पेन्सिल, हलका हात आणि मऊ खोडरबर. खोडल्यावर जुनं अक्षर दिसत राहिलं तर डोळा पुन्हा तेच वाचतो, आणि चुकीचं उत्तर दुसऱ्यांदा लिहिलं जातं.