बाहेरचा मेनिस्कस जवळजवळ सगळा काढलाय, ट्रान्सप्लांट करावं का?

गोदाकाठ
धाकटा भाऊ, वय ३१, दिंडोरीला द्राक्षबाग. कबड्डीत फाटलेला उजव्या गुडघ्याचा बाहेरचा मेनिस्कस (सांध्यातली गादीसारखी चकती) दुर्बिणीने जवळजवळ पूर्ण काढला. आता जिना उतरताना त्याच बाजूला दुखतं, बागेत दिवसभर उभं राहिलं की सूज. एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) शाबूत. मुंबईत ट्रान्सप्लांट सुचवलंय. फायदा किती, आणि काय काय मोजावं लागेल?

सांधेजोड
केस बसते. बाहेरच्या कप्प्याचा सुमारे ७० टक्के भार मेनिस्कस घेतो. तो गेला की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झपाट्याने झिजते. पण आधी कंबरेपासून घोट्यापर्यंत उभ्याने एक्स-रे काढा. गुडघा आत वळलेला निघाला तर भार नेमका त्याच कप्प्यावर येतो. मग हाड कापून पाय सरळ करणं आलं, नाहीतर नवा मेनिस्कसही चिरडतो. एमआरआयमध्ये कूर्चा झिजून हाड उघडं पडलेलं दिसलं तर ट्रान्सप्लांटचा विषय संपला.

ग्राफ्ट, म्हणजे बसवायचा मेनिस्कस, मृत दात्याचा, उणे ८० अंशांना गोठवलेला. त्याच पायाचा, त्याच बाजूचा, मापाचा हवा. मोठा पडला तर सांध्याबाहेर सरकतो, लहान पडला तर ताणून फाटतो. किडनी ट्रान्सप्लांटसारख्या आयुष्यभर गोळ्या नाहीत. बाहेरच्या मेनिस्कसची दोन्ही टोकं जवळजवळ असल्याने ती बहुधा एकाच हाडाच्या पट्टीसह नडगीतल्या खाचेत बसवतात आणि कडा शिवतात.

हिशेबी
एकरकमी पॅकेजवर मान डोलावू नका. ग्राफ्ट, अँकर-टाके (तो पक्का करायचं साहित्य), ओटी (ऑपरेशन थिएटर), ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा), फिजिओ वेगवेगळं लिहून घ्या. ग्राफ्ट मागवल्यावर ऑपरेशन रद्द झालं तर पैसे कोणाचे, हेही लेखी. टिश्यू बँकेची नोंदणी आणि दात्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस तपासण्यांचा कागद मागा. विम्याची मंजुरी ग्राफ्टचा वेगळा उल्लेख करून घ्या.

फिजिओ_गंगापूररोड
४ ते ६ आठवडे कुबड्या आणि ब्रेस, गुडघा ९० अंशांपर्यंतच. उकिडवं बसणं ४ ते ६ महिने बंद, म्हणून घरी कमोड आधीच बसवून घ्या. दुसऱ्या महिन्यात दुखणं ओसरलं की लोक मांडी घालून जेवायला बसतात आणि मागचे टाके सुटतात. काहीजण उलट भीतीने हलवतच नाहीत. गुडघा आखडतो, मांडी वाळते. पोटरी सुजून दुखू लागली तर फिजिओकडे नाही, थेट डॉक्टरकडे. रक्ताची गुठळी असू शकते.

गोदाकाठ
बाग सांभाळून कधी करावं? आणि कबड्डी?

सांधेजोड
काढणी संपल्यावर, मार्चअखेर. एप्रिलच्या खरड छाटणीला माणसं सांगून ठेवा. ऑक्टोबर छाटणीला तो बागेत फिरू शकेल, उकिडवं मात्र सर्जनला विचारूनच. कबड्डीसाठी करत असाल तर करूच नका. वेदना कमी होणं हा खरा फायदा. झीज थांबते हे अजून सिद्ध नाही. १० वर्षांनी ढोबळमानाने १० पैकी ७ ग्राफ्ट टिकलेले असतात, मधे पुन्हा दुर्बीण घालावी लागणारेही बरेच. रोजच्या कामात दुखत नसेल तर आधी मांडीचे व्यायाम आणि वजन.