वय ४१, नाच शून्य. क्लास लावायचाय, कुठून सुरुवात करू?

शून्यमात्रा
नमस्कार मंडळी. शाळेत समूहनृत्य बसवताना बाईंनी मला पडदा ओढायला उभं केलं होतं, तेवढीच माझी नृत्यसेवा. आता वय ४१. दिवसभर खुर्चीत बसून काम, तीन मजले चढले की धाप लागते. पण गेली दोन वर्षं गाणं लागलं की टेबलाखाली पाय आपलं आपलं काहीतरी करत असतात. त्यांना एकदा टेबलाबाहेर काढावं असं फार वाटतंय.

कथक, साल्सा, हिपहॉप यांत घोळ झालाय. तबला ऐकायला मनापासून आवडतो. साल्साला जोडीदार लागतोच का? बायकोने हात जोडून नकार दिलाय. शास्त्रीय क्लासला गेलो तर आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभं करतील का? उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, ते वेगळंच. आणि आधी दोन-तीन महिने घरी व्हिडिओ बघून थोडं जमवून मग क्लासला जावं असं मनात आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी शोभा व्हायला नको. बरोबर आहे का?

उगाचकाहीतरी
नाचता येईना, अंगण वाकडे :) शुभेच्छा.

तिहाई
कथक मी ३८व्या वर्षी सुरू केलं, आता सातवं वर्ष चालू आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घरी जमवून जाऊ नका. मी नेमकं तेच केलं होतं आणि पहिले चार महिने गुरुजी माझे व्हिडिओवरून उचललेले हात उतरवत बसले. कोरी पाटी परवडते.

शैली कुठली? ज्याचं संगीत तुम्ही कामं करतानाही ऐकता ती. हे ऐकायला फार सोपं वाटेल, पण सुरुवातीच्या वर्षात तोच एक तुकडा शेकडो वेळा कानावर पडतो. संगीत आवडत नसेल तर तिसऱ्या महिन्यात काहीतरी कारण काढून तुम्ही घरी बसणार. तबला आवडतो म्हणताय, तर कथकची एक-दोन तासं नक्की बघून या.

काय शिकवतील ते सांगते, म्हणजे धसका बसणार नाही. सुरुवातीला चक्कर नाही, गिरकी नाही, नुसता तत्कार, म्हणजे बोलांवर पायांचं काम. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आठ मात्रा, दोनदा केलं की तीनतालाच्या सोळा पुऱ्या. उजवा-डावा-उजवा-डावा, आणि मग आ ला परत डावाच. डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला लागोपाठ डावा पाय पडतो. माणसाचे पाय आयुष्यभर आलटून पालटून चालत आलेले असतात, ते तिथे बंड करतात. सगळ्यांचे करतात. आमच्या वर्गात एक चार्टर्ड अकाउंटंट आहेत, त्यांचे सहा आठवडे त्या एका डाव्यात गेले. हे माहीत असलं की आपण मठ्ठ आहोत असं वाटत नाही.

फोन करून एकच गोष्ट आवर्जून विचारा: शून्यापासूनची बॅच कोणत्या तारखेला सुरू होते? 'कधीही या, सामावून घेऊ' असं उत्तर आलं तर जरा जपून. सामावून घेणं म्हणजे चालू गाडीत चढणं. मोठ्यांची वेगळी बॅच असते का हेही विचारा. नसेल तर मुलांबरोबर उभं राहावं लागेल, आणि खरं सांगू का, मुलांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

गुडघेबाज
फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः हौशी नाचणारा. वरची म्हण गमतीत टाकलीय, पण अंगण खरोखर वाकडं असू शकतं. क्लास बघायला जाल तेव्हा आधी जमीन बघा. काँक्रीटवर थेट बसवलेली फरशी पाय आपटायला आणि उड्या मारायला वाईट, टाच आणि नडगी दुखायला लागते. लाकडी जमीन आणि तिच्याखाली थोडी पोकळी किंवा लवचीक थर असेल तर उत्तम. फरशीच असेल तर निदान पहिले काही महिने पाय आपटण्याचा जोर कमी ठेवा. आवाज मोठा आला म्हणजे नाच चांगला झाला असं नसतं.

पादत्राणांबद्दल. पळायचे बूट घालून गिरकी घेऊ नका. त्यांचा रबरी तळ जमीन घट्ट धरतो, शरीर वळतं, पाऊल जागेवर राहतं आणि मधला पीळ गुडघ्याला बसतो. मोज्यांवर नाचणं याच्या उलट, सरळ घसरून पडणं. अनवाणी शिकवत असतील तर अनवाणी, नाहीतर गुळगुळीत तळाचे हलके बूट.

कुरकुरणाऱ्या गुडघ्याचं म्हणाल तर नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, सूज नाही, गुडघा मध्येच अडकत किंवा दगा देत नाही, तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. पण तुमचा जिना उतरताना कुरकुरतो म्हणजे दुखतो का, ते लिहिलं नाहीत. दुखत असेल तर आधी दाखवून घ्या आणि शिक्षकांना पहिल्या दिवशी सांगा. भरतनाट्यममध्ये अरमंडी, म्हणजे अर्धं बसून गुडघे बाहेर, यात बराच वेळ जातो. कथक बरंचसं सरळ उभं राहून असतं, त्या दृष्टीने तुम्हाला सोपं. बॅले असो की भरतनाट्यम, पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून. तिथून जेवढा वळेल तेवढाच. पावलं ओढूनताणून फाकवली आणि गुडघा पुढेच राहिला की दुखणं ठरलेलं. वाकताना गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जातोय ना, एवढं आरशात बघत जा.

पहिल्या तासानंतर एक-दोन दिवसांनी पोटऱ्या आणि मांड्या भरून येतील, ते स्नायूंचं दुखणं, आपोआप जातं. सांध्यात एका जागी टोचणारं दुखणं मात्र अंगावर काढू नका. आणि उत्साहात आठवड्याचे पाच क्लास लावू नका. दम लवकर वाढतो, स्नायुबंधांना मजबूत व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि दुखापती या दोहोंच्या मधल्या काळात होतात. आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस सोडून. हृदयाचं, रक्तदाबाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सव्यअपसव्य
साल्साला जोडीदार न्यावा लागत नाही. गटाच्या क्लासमध्ये दर काही मिनिटांनी जोड्या बदलतात. उलट नवरा-बायको एकत्र आले की एकमेकांना शिकवायला लागतात आणि दोघंही शिकत नाहीत. वहिनींनी शहाणपणा केलाय.

आठाची मोजणी असते. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठला पाऊल नाही, थांबा. नवशिके बरोबर त्या थांब्यात पाऊल टाकतात, कारण रिकामी मात्रा सहन होत नाही. जोडीला नेणारा 'एक'ला डावा पाय पुढे टाकतो, साथ देणारा उजवा मागे. नेणारा पुरुषच हवा असं काही नाही, पण सुरुवातीला एकच भूमिका धरा. नेणाऱ्याला पावलं, ताल आणि पुढे काय करायचं हे तिन्ही एकदम सांभाळावं लागतं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने तो साथ देणाऱ्यापेक्षा मागे पडल्यासारखा वाटतो. तेव्हाच बरेच जण सोडतात. आणि हो, जास्तीचा शर्ट न्या. मोठमोठ्या शैलीपेक्षा या शर्टाने माझी जास्त मैत्री टिकवली.

मागच्या रांगेतली
हिपहॉपचा विचार असेल तर माझी फजिती ऐका. 'सर्वांसाठी खुला' असं लिहिलेलं बघून गेले. खुला म्हणजे दार उघडं होतं इतकंच. एका तासात आख्खी कोरिओग्राफी बसवतात, शेवटी गट करून व्हिडिओ काढतात. पहिल्या पंधरा मिनिटांत मी तीन आठ, म्हणजे आठ-आठ मोजणीचे तीन तुकडे, मागे होते. नंतर कळलं की अशा तासात नाच शिकवत नाहीत, नाच येणाऱ्यांना नवं गाणं देतात. नवशिक्याने 'फाउंडेशन' किंवा 'बेसिक' असा कोर्स शोधायचा, जिथे बाउन्स, ग्रूव्ह, नुसती मान हलवणं, नुसती छाती हलवणं असलं कंटाळवाणं काम आठवडेच्या आठवडे चालतं.

दुसरं, माझ्या नावावर जाऊ नका. मागच्या रांगेत लपायचा मोह सगळ्यांना होतो. पण आरशाकडे पाठ करून वळा म्हटलं की मागची रांग पुढची होते! समोर भिंत, बघायला कोणी नाही. दुसऱ्या रांगेत मध्यभागी उभं राहा, चारही बाजूंना नाच येणारं कोणीतरी असलं पाहिजे.

चक्रम
तिहाई, व्हिडिओंना सरसकट झोडपू नका. क्लास लागल्यावर उजळणीसाठी व्हिडिओ चांगलेच असतात. वेग पाऊणपट करता येतो, आणि शिकवणारा तोंड करून उभा असेल तर चित्र डावं-उजवं उलटवता येतं. तासाच्या शेवटी शिक्षकांची परवानगी घेऊन त्यांचाच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, तो सगळ्यात कामाचा.

आणि वयाचं काय घेऊन बसलात. रुक्मिणीदेवी अरुंडेल भरतनाट्यम शिकल्या तेव्हा तिशीला आल्या होत्या. जन्म १९०४, पहिलं जाहीर सादरीकरण १९३५. अमेरिकेची आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहम १९१६ साली नृत्यशाळेत गेली तेव्हा २२ वर्षांची होती, बॅलेच्या हिशेबाने म्हातारीच.

तिहाई
व्हिडिओंचं मान्य, क्लास लागल्यावर हरकत नाही. पण रुक्मिणीदेवींचं उदाहरण देताना पूर्ण द्या. त्या आधी बॅले शिकत होत्या, शरीर तयार होतं. ज्यांनी इतिहास घडवला त्यांच्याशी तुलना नको, त्याने मदत होत नाही. शून्यमात्रा यांना रुक्मिणीदेवींसारखी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढायची नाहीये, त्यांना पाचव्या मात्रेला डावा पाय टाकायचाय.

चक्रम
तेही खरं. उदाहरण मागे घेतो, आकडे ठेवतो.

शून्यमात्रा
सगळ्यांचे आभार. गुडघा दुखत नाही, नुसता बोलतो. दाखवलाही, ठीक आहे म्हणाले. आता एक खासगी भीती: मला ताल कळतच नाही असं वाटतं. टाळ्या वाजवतानाही मी एकटा मध्येच वाजवतो. असं असेल तर काही अर्थ आहे का?

सव्यअपसव्य
गाणं लावून घरात चाला. नाचायचं नाही, नुसतं चालायचं, ठोक्यावर पाऊल. जमलं तर ताल कळतो, फक्त हात आणि कान यांची ओळख नाही. ज्यांना ठोका खरंच ऐकू येत नाही अशी माणसं फार थोडी. मग चालता चालता मोठ्याने एक ते आठ मोजा. 'एक' कुठे येतो ते सापडेपर्यंत तेच गाणं. मोठ्याने, मनात नाही. मनात मोजताना आपण स्वतःला सवलत देतो.

तिहाई
कथकसाठी हातावर तीनताल लावा. एकला टाळी, पाचला टाळी, नऊला खाली म्हणजे हात उलटा, तेराला टाळी. बसमध्ये मांडीवर करता येतं. रोज दहा मिनिटं. रविवारी दीड तास करून सोमवार ते शनिवार काही नाही, याचा उपयोग नाही. आणि घरी सराव करताना आधी नुसते पाय, हात कमरेवर. पाय विचार न करता पडायला लागले की हात आणा.

मागच्या रांगेतली
चाचणी तासाला जाल तेव्हा शिकवणाऱ्यापेक्षा चुकणाऱ्याकडे बघा. कोणी चुकलं की शिक्षक काय करतात? पुन्हा दाखवतात, की नुसताच आवाज चढवतात? शरीराला हात लावून दुरुस्त करतात तेव्हा आधी विचारतात का? वार्षिक कार्यक्रमात नाचणं सक्तीचं आहे का आणि त्याच्या पोशाखाचा खर्च कोणाचा, हेही आधीच विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, म्हणून आज माझ्याकडे दोन चकचकीत जांभळे पोशाख पडून आहेत.

शून्यमात्रा
(नऊ आठवड्यांनी) धागा वर काढतोय. तीन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी बाईंनी माझ्याकडे बघून 'मुलीला कधी घेऊन येताय' विचारलं. दुसरीकडे जमीन काँक्रीटची, आणि बॅच अर्ध्यावर पोहोचलेली. तिसरीकडे मोठ्यांची कथकची बॅच दोन आठवड्यांनी सुरू होणार होती, तिथे नाव घातलं. आम्ही सात जण आहोत, पुरुष मी एकटा. पहिल्या दिवशी त्याचं फार वाटलं, तिसऱ्या दिवशी माझ्यासकट सगळे विसरले.

वाटलं होतं त्यापेक्षा शरीराचा त्रास कमी आणि डोक्याचा जास्त. तासाभराने मी दमत नाही, मेंदू दमतो. घरी आलो की साधा हिशेब करता येत नाही. एकदा बोल तोंडाने म्हणत तत्कार करायला सांगितलं, तर तोंड सुरू झालं की पाय बंद आणि पाय सुरू झाले की तोंड. गुरुजी म्हणाले हळू करा. आणखी हळू केलं तर तोल जातो! हळू करणं जास्त अवघड असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

परवा आ ला डावा आला. लागोपाठ सहा आवर्तनं. सातव्यात लक्षात आलं की येतोय, आणि गेला.

एकच प्रश्न: घुंगरू कधी घ्यावेत?

तिहाई
सहा आवर्तनं म्हणजे छानच. आता लक्षात आलं तरी न जाणं हा पुढचा महिना.

घुंगरू गुरुजी सांगतील तेव्हा, आपणहून आणू नका. पाऊल स्वच्छ नसताना घुंगरू बांधले की सगळा खुळखुळाट एक होतो आणि चूक ऐकू येत नाही. अनवाणी पावलाच्या आवाजात ती लगेच कळते. घ्याल तेव्हाही पहिल्यांदा कमी घ्या. बऱ्याच ठिकाणी एका पायात पन्नासाच्या आसपास घुंगरांनी सुरुवात करतात, पुढे शंभर-दीडशे. वजन घोट्यावर येतं, ते सोसायला वेळ लागतो. दोरीत ओवलेले घ्या. चामडी पट्ट्यावरचे पटकन बांधता येतात, पण पायावर तसे घट्ट बसत नाहीत.

गुडघेबाज
आणि बांधण्याआधी घोट्याचे व्यायाम. टाचा उचलून वीस वेळा, रोज.

शून्यमात्रा
बरं. खालच्या मजल्यावरच्या काकांना कळवतो, अजून अवकाश आहे.