सल्ला हवा: कॅम्पिंगला कढईत नूडल्स आणि गराडू (तळून खायचा कंद) करायचेत, कुठला गॅस स्टोव्ह घेऊ?

राजेंद्रनगरची_भटकी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं असे इंदूरजवळ चोरलच्या बाजूला तंबू लावून एक रात्र राहायचं ठरवतोय. गाडीनेच जाणार, म्हणजे वजनाचं टेन्शन नाही. मुलांना हक्का नूडल्स आणि फ्राइड राइस हवेत, ते पण चायनीजच्या गाडीवर मिळतात तसे धुरकट वासाचे, आणि दादाचं म्हणणं की थंडीत बाहेर पडायचं आणि गराडू नाही तर मग जायचंच कशाला. मॅगीपुरता छोटा स्टोव्ह आहे पण त्यावर कढई डुगडुगते आणि जरा वारा आला की ज्योत भांड्याखालून बाहेरच पळते. ऑनलाइन बघितलं तर कुणी किलोवॅट लिहितंय कुणी बीटीयू, काही कळेना. बजेट तीनेक हजार, थोडं वर गेलं तरी चालेल. काय घेऊ?

माळवा_मोकळा:
ताई कशाला स्टोव्ह, तीन दगड मांडा, लाकडं गोळा करा, त्या धुराची चव गॅसला येतच नाही.

जानापाव_ट्रेकर:
मोकळा भाऊ, सरसकट असं सांगू नका. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, तेव्हा तर वनविभागाची माणसं अजून कडक असतात. डिसेंबरातही गवत वाळलेलंच असतं. ताई, खासगी कॅम्पसाइट किंवा रिसॉर्टच्या आवारात असाल तर मालकाला विचारून करा, नाहीतर जंगलाच्या हद्दीत गॅससुद्धा पेटवू नका.

केटरिंगवाले_काका:
मी जरा सविस्तर लिहितो कारण यात लोक नुसता आकडा बघून वस्तू घेतात आणि मग कढई तापतच नाही म्हणून बसतात. आधी आकडे. किलोवॅट आणि बीटीयू दोन्ही ज्योतीच्या ताकदीची मापं, १ किलोवॅट म्हणजे ताशी साधारण ३४०० बीटीयू, हे एकदा डोक्यात ठेवलं की जाहिराती वाचता येतात. सुटकेससारखा येतो तो कॅसेट स्टोव्ह, आडवा, बाजूला ब्यूटेनचा कॅन बसतो, तो २ ते अडीच किलोवॅटचा, म्हणजे घरच्या गॅसच्या मोठ्या बर्नरच्या जवळपास. चायनीज हॉटेलच्या भट्टीत २५-३० किलोवॅट असतात. फरक दसपटीचा आहे, त्यामुळे छोट्या स्टोव्हवर सहा जणांच्या नूडल्स एकदम टाकल्या की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि नूडल्स परतल्या जायच्या ऐवजी शिजतात, लगदा होतो. तो धुरकट वास, कँटोनीज लोक ज्याला 'वॉक हे' म्हणतात, तो येतो कढई अतिशय तापलेली असताना, तेल भांड्यावर जळून धूर होतो आणि उसळताना थोडं ज्योतीतही पडतं त्याने. सॉस ओतून तो येत नाही.

तर दोन रस्ते आहेत. एक, ५ किलोचा छोटा सिलेंडर (इंडेनचा छोटू वगैरे, ओळखपत्रावर मिळतो) आणि त्याला लोखंडी पायांची हाय प्रेशर भट्टी. १० किलोवॅटची भट्टी फुल्ल चालवली तर तासाला पाऊण किलोच्या वर गॅस खाते, पण नूडल्सचा एक घाणा तीन-चार मिनिटांत होतो त्यामुळे एवढा गॅस लागतच नाही. मात्र घरचा रेग्युलेटर तिला चालत नाही, हाय प्रेशरचा वेगळा रेग्युलेटर आणि त्याच दाबाचा होज लागतो, आणि ही जोडणी घरी बसून जुगाड करायची नाही, गॅसवाल्याकडून करून घ्या आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. सिलेंडर उभाच ठेवा, आडवा केला की गॅसऐवजी द्रव बाहेर येतो आणि ज्योत भडकते. भट्टी बराच वेळ जोरात चालवली की सिलेंडरच्या खालच्या अंगाला घाम येतो, कधी बर्फाचा पापुद्रा धरतो, ते गॅसची वाफ होताना उष्णता खेचली जाते म्हणून, घाबरायचं नाही पण त्यावर गरम पाणी ओतत बसू नका, ज्योत कमी करून थांबा.

दुसरा रस्ता कॅसेट स्टोव्ह, आणि सहा जणांना, त्यातून मुलं बरोबर असताना, मी तुम्हाला हाच सांगेन. फक्त घाणा लहान ठेवा, एका वेळी एक-दीड प्लेट. नूडल्स घरून उकडून तेल लावून न्या, भात आदल्या रात्रीचा मोकळा केलेला, भाज्या चिरून कोरड्या पुसून. कढई रिकामी ठेवून धूर निघेपर्यंत तापवा, मग तेल, मग बाकीचं, आणि मधे सारखं ढवळू नका, दहा-पंधरा सेकंद पडू द्या म्हणजे डाग धरतात. एक प्लेट झाली की काढा, कढई परत तापू द्या, मग दुसरी. मुलांना आधी मिळतं, मोठे थांबतात, बिघडत काही नाही.

सुदामानगर_किचन:
काकांनी सगळं सांगितलं पण एक गोष्ट मी मोठ्या अक्षरात लिहिली असती. कॅसेट स्टोव्हवर भलीमोठी कढई ठेवू नका!! कॅनचा कप्पा शेजारीच असतो, कढईचा काठ त्याच्यावर आला की खालची उष्णता परतून कॅनवर जाते आणि कॅन फुटू शकतो. चांगल्या स्टोव्हला दाब वाढला की कॅन आपोआप सुटतो अशी सोय असते, घेताना ती आहे का विचारा, पण तिच्या भरवशावर राहू नका. भांड्याचं कमाल माप स्टोव्हच्या खोक्यावर नाहीतर माहितीपत्रकात असतं ते पाळायचं. आणि वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लावाल तर तो चारी बाजूंनी गुंडाळू नका, वाऱ्याच्या अंगाला फक्त, कॅनची बाजू मोकळी. तंबूच्या आत तर अजिबात पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कितीही थंडी असो.

राजेंद्रनगरची_भटकी:
काका, सुदामानगर ताई, खूप आभार, हे कुठेच असं समजावून लिहिलेलं नव्हतं. दोन शंका. थंडीत ब्यूटेन चालत नाही असं वाचलं, खरं का? आणि कढई कुठली, घरी हिंडालियमची आहे ती चालेल?

जानापाव_ट्रेकर:
ब्यूटेन शून्याच्या जरासं खाली, उणे ०.५ अंशाला उकळतं. आपल्याकडे डिसेंबरात रात्री ८-१० अंश असतं तेव्हा चालतो, पण वापरताना कॅन स्वतःच गार होत जातो आणि ज्योत मंदावते. दुसरा कॅन गाडीत ठेवून आलटून पालटून लावा, किंवा हाताला कोमट लागेल अशा पाण्यात दोन मिनिटं धरा, पुसून मग लावा. ज्योतीजवळ धरून तापवायचा नाही म्हणजे नाही. एक कॅन २२० ग्रॅमचा, फुल्ल ज्योतीवर सव्वा तास धरा, तुम्हाला तीन पुरे. बसवताना कॅनच्या गळ्याची खाच वरच्या बाजूला आली पाहिजे, आतली नळी तेव्हाच वाफेच्या बाजूला राहते, नाहीतर द्रव येतो आणि पिवळी ज्योत भसकन वर जाते. दुपारी बंद गाडीत उन्हात कॅन विसरू नका, त्याच्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. आणि पुढेमागे ट्रेनने कुठे जाल तर हे कॅन रेल्वेत न्यायला बंदी आहे, हे पण लक्षात असू द्या.

केटरिंगवाले_काका:
हिंडालियम नूडल्सला नको, एवढी रिकामी तापवायची नसते. राजवाड्याच्या मागे बर्तन बाजारात जा, पातळ पोलादी पत्र्याची, दीडेक मिलिमीटरची, एका दांड्याची कढई मागा, तळ थोडा सपाट असलेली. गोल तळाची जाळीवर हलते. बिडाची जड कढई तापायला वेळ खाते, आणि एकदा थंड झाली की छोट्या स्टोव्हवर लवकर वर येत नाही. नवीन कढई घासून, निळसर होईपर्यंत तापवून आपलं नेहमीचं सोयाबीन तेल कपड्याने अगदी पुसट फिरवायचं, धूर जाईपर्यंत तापवायचं, असं तीन-चार वेळा केलं की काळी होते आणि चिकटत नाही. परत येताना ओली बांधून आणू नका, गंजेल.

सराफा_रात्रपाळी:
गराडूबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो, तो माझा जीव की प्राण आहे! भिया, गराडू दोनदा तळतात, पहिली तळणी मंद आणि दुसरी कडक, तर पहिली तळणी घरीच करून न्या. सोलताना हाताला तेल लावा, खाज येते. तिकडे फक्त दुसरी तळणी, दोन मिनिटांचं काम, वरून लिंबू आणि जिरावन मसाला. त्यासाठी प्रचंड ज्योत लागत नाही, स्थिर जमीन लागते, म्हणून स्टोव्ह सपाट फळीवर ठेवा, कढई अर्धीसुद्धा भरू नका आणि मुलांना लांब बसवा. तेल तापलंय का बघायला एक तुकडा टाका, लगेच बुडबुडे काढत वर आला म्हणजे झालं. नूडल्स आधी करा, गराडू मागाहून, म्हणजे तळणीचं तेल कढईतच निवेपर्यंत ठेवता येतं, मग बाटलीत भरून घरी आणा, नदीत किंवा मातीत ओतू नका.

राजेंद्रनगरची_भटकी:
ठरलं मग, कॅसेट स्टोव्ह, तीन कॅन आणि लहान पोलादी कढई. रविवारी बर्तन बाजारात जाते, स्टोव्हच्या खोक्यावरचं माप लिहून नेईन. छोटू आणि भट्टीचं दादाच्या डोक्यात घातलंय, मोठा ग्रुप असेल तेव्हासाठी. रिकाम्या कॅनचं काय करता तुम्ही लोक?

सुदामानगर_किचन:
आतला गॅस स्टोव्हवरच पूर्ण संपेपर्यंत वापरायचा, मग कॅन कानाजवळ हलवून आत काही डुचमळत नाही ना बघायचं. भोक पाडू नका आणि ओल्या-सुक्यात मिसळू नका, सकाळी कचरा गाडी आली की घरगुती घातक कचऱ्याचा जो वेगळा कप्पा असतो त्यात द्या, आणि गाडीवाल्या दादांना गॅसचा कॅन आहे असं सांगून द्या.