पाटी संपते तिथून पुढे: कोयना-वारणेच्या खोऱ्यातले तुमचे अनुभव

महाबळेश्वर, पाचगणी, कास आपण सगळ्यांनीच पाहिलंय. हा धागा त्यामागच्या मुलखासाठी. जावळीचं रान, कोयनेपलीकडची गावं, पाटणचे सडे म्हणजे खडकाळ पठारं, चांदोलीचा डोंगर. कुठं गेलात, वाट कुणी दाखवली, कुणाच्या ओसरीवर पाठ टेकली, ते लिहा. सुरुवात मी करतो.

मी साताऱ्याचा. मार्गशीर्षात तापोळ्याला तराफ्यावर मोटारसायकल चढवली आणि कांदाटी खोऱ्यात उतरलो. हॉटेल नाहीच, रेंजही गेलेली. एका घरापुढं पाणी मागितलं तर आजी म्हणाल्या, "पाणी नुसतं कुणी पितं व्हय? बसा." चुलीपुढं त्यांनी नाचणीचं पीठ कढत पाण्यात मळलं. थापताना भाकरीची कड फाटली की पाण्यात बोट बुडवून त्या ती सांधायच्या, न बघता. सोबत कुळथाचं पिठलं. जेवण झाल्यावर अंगणात आल्या, जलाशयाकडं हात करून म्हणाल्या, "थितं आमची खाचरं व्हती." कोयना धरणाचा हा शिवसागर १०५ टीएमसीचा, हे मी शाळेत पाठ केलेलं. त्याखाली काय आहे ते त्या दिवशी कळलं. पैसे घेईनात. पुढच्या आठवड्यात लाँचवाल्याकडं चहापूड आणि साखर पाठवली, तर त्याच लाँचनं मला वरीचे तांदूळ आले.

*

कराडहून लिहितोय. एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. पाटणच्या पश्चिमेला मुक्कामी गाडी घेऊन जायचो. संध्याकाळी पोचायचं, देवळात झोपायचं, पहाटे परत. पर्यटक म्हणून गेलो नाही, पण त्या खोऱ्यातली माणसं मला जितकी कळली तितकी सख्खी भावकीसुद्धा कळली नसेल. आषाढात एकदा चढावर रस्त्याची कड खचली, मागचं चाक चिखलात रुतलं. अंधार, वर पाऊस असा की काच दिसेना. हॉर्न ऐकून वरच्या वाडीतली माणसं बॅटऱ्या घेऊन, डोक्यावर इरली घेऊन आली. दगड घातले, दोर लावला. गाडी रात्री निघालीच नाही, मग प्रवाशांची घरोघर वाटणी झाली. आम्हाला दोघांना कोरडी घोंगडी आणि गरम दूध.

सकाळच्या फेरीला एखादं गाठोडं यायचंच. तांदूळ, नाचणीचं पीठ, वर कापडावर पोराचं नाव. पाटण स्टँडवर ते मुंबईच्या गाडीत द्यायचं. पावती नसायची. इतक्या वर्षांत एक गाठोडं हरवलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

*

मी शिराळा तालुक्यातली. माझं सासर मुळात चांदोलीच्या आतलं. आधी वारणेवरचं धरण, मग अभयारण्य. २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आमची माणसं पठारावरून केव्हाच खाली आली होती. नव्या वसाहतीत जमीन मिळायला वर्षं गेली, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरले. त्यावर लिहायला बसले तर हात थांबणार नाही.

पण अनुभव विचारलाय म्हणून एक सांगते. परवानगी काढून सासऱ्यांना एकदा जुन्या गावठाणात नेलं. घरं राहिली नव्हती, जोती होती, त्यावर कारवी माजलेली. मामंजी सरळ एका जोत्याकडं गेले, झुडपं बाजूला केली आणि उंबऱ्याच्या दगडावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, हितनं आत ये. हितनं दार आहे." मी भिंत नसलेल्या दारातून आत गेले, डोक्यावर पदर घेऊन. येताना त्यांनी रुमालात तिथली लाल माती बांधली. आमच्या अंगणातली तुळस त्याच मातीत आहे.

*

सांगली. चकदेवच्या डोंगरावरल्या देवळाला निघालो होतो, तिघं. वर ढग उतरले आणि दहा पावलांवरचं दिसेना. फोनमधला नकाशा नुसता फिरत राहिला. चूक आमचीच, गावातला माणूस बरोबर घ्या असं सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. शेवटी म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, त्या आवाजाच्या मागं गेलो तर गवळी धनगरांचं घर. तिथल्या मुलानं देवळापर्यंत नेलं. कोकणातून आंबिवलीकडची माणसं शिडीच्या वाटेनं वर येतात, ती वाटही लांबून दाखवली. तो मुलगा दहावीला होता. वाटेत त्यानं एकच विचारलं, सांगलीत वसतिगृह कुठलं चांगलं? आता तो आमच्याच शहरात शिकतो, रविवारी आमच्याकडं जेवायला असतो.

*

कोपरखैरण्याहून. वडील माथाडी, गाव कोयनाकाठी. इथं सगळे "दुर्गम" लिहितायत, राग नाही, पण आम्ही त्याला नुसतं "गाव" म्हणतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात आज्याचं घर पडलं, तरी तो तिथंच राहिला. माझ्या चुलतीला बाळंतपणात झोळीतून पाण्यापर्यंत आणली, तिथून लाँचनं पलीकडं. दोघंही वाचली, पण ती रात्र आमच्या घरात अजून कुणी मोठ्यानं सांगत नाही. कोयनेची वीज १,९६० मेगावॅट. पाऊस लागला की आमच्याकडं कंदील काढून ठेवतात.

तुम्ही जरूर या. वासोट्याच्या किल्ल्यावरून नेता, तशी प्लास्टिकची पिशवी इथूनही परत न्या. गावात शिरताना कुणाला तरी हाक मारा, गुपचूप फोटो काढू नका. आणि येताना साखर नको, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि बॅटरीचे सेल आणा. शाळेजवळचं तिसरं घर आमचं. कुलूप असलं तर किल्ली शेजारच्या काकूंकडं आहे, मागून घ्या.