१९६५ ची फियाट ११०० डिलाइट : पार्ट इटलीतून मागवावे की पद्मिनीचे बसवावे?

शहापूरकर११००

नमस्कार मंडळी. बेळगावात १९६५ ची फियाट ११०० डिलाइट पुन्हा उभी करायचं काम चाललंय. पत्र्याचं काम आटपत आलंय, इंजिन उतरवून ठेवलंय. आता घोडं अडलंय ते पार्टवर. यादी अशी:

– ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर (चाकाजवळचे) आणि मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा). आतून खड्डे पडलेत, नवे कप (आतली रबरी सीलं) घातले तरी गळतंय.
– दोन्ही बाजूंचे किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. चाक वर-खाली धरून हलवलं की ढकढक.
– पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मूळचा ६८ मिमीचाच आहे, पण वरच्या बाजूला ०.१५ मिमी घास, म्हणजे झीज.
– पुढच्या-मागच्या काचेचं रबर, दारांची बीडिंग.
– बंपर आणि दाराचे हँडल. बंपरचं क्रोम गेलंय, हँडलवर फोड आलेत.
– टायर ५.२०-१४.

इटलीतल्या एका साइटवर '११०० डी' या नावाखाली पिस्टन, गॅस्केट, व्हील सिलिंडर सगळं दिसतंय. तिकडूनच मागवावं काय? इथं दुकानात गेलं की "पद्मिनीचं बसतंय की ओ" म्हणून पुडकं हातात देतात. काय बसतं आणि काय बसत नाही ते कुणी नीट सांगेल काय? दोन्हीकडचे दर बघूलालोय.

मिलेचेंतो

पिस्टनची ऑर्डर दिली नसेल तर थांबा. इटलीतली ११०० डी १२२१ सीसीची, बोअर ७२, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी. आपल्याकडं प्रीमियरनं कुर्ल्यात जी बनवली ती १०८९ सीसीचीच राहिली, म्हणजे ६८ बाय ७५. नाव एकच, इंजिन वेगळं. त्या पानावरचा पिस्टन तुमच्या ब्लॉकमध्ये उतरणारच नाही. गॅस्केटचं जास्त धोक्याचं, कारण ते वरवर बघता बसल्यासारखं वाटतं. इटलीत १९६६ ला आलेल्या ११०० आर ला पुन्हा १०८९ चं इंजिन आहे, तेव्हा इंजिनचं काही बघायचंच असेल तर त्या नावानं बघा. पण त्या गाडीला पुढं डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळं ब्रेकचं काही त्या पानावरून उचलू नका. विक्रेत्याला मॉडेलचं नाव सांगत बसण्यापेक्षा मिलिमीटर सांगा आणि मोजपट्टीसकट फोटो मागवा.

खरं तर तुमच्या इंजिनला इटलीची गरजच नाही. पद्मिनी म्हणजे हीच गाडी, इंजिनही तेच. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन पद्मिनीचंच घ्या. फक्त क्रम पाळा: आधी पिस्टन हातात, मग बोअर. ०.१५ घास म्हणजे ओव्हरसाईज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन लागणारच. बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजा. सगळ्यात खराब सिलिंडर कुठल्या मापात साफ होतोय ते ठरवा आणि त्या मापाचे चार पिस्टन खरंच मिळाले की मगच ब्लॉक बोअरिंगला टाका. लोक उलटं करतात. ब्लॉक मोठा होऊन येतो आणि त्या मापाचा पिस्टन बाजारात नसतो. मग ब्लॉकला लायनर (आतून नवी नळी) ठोकण्याचा खर्च अंगावर.

गॅस्केट आणलं की ब्लॉकवर ठेवून बघा, हेडवरही ठेवून बघा. डुप्लिकेट मालात पाण्याची भोकं अर्धी झाकली जातात. बोअर मोठा केल्यावर गॅस्केटची कडी आत डोकावत नाही ना, तेही बघा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम झालं की वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. ०.०५ मिमीपर्यंत सोडून द्या, ०.१ च्या वर गेलं तर फेस मारून (तळ सपाट करून) घ्या.

भंगारातली पद्मिनी घेताना तीन गोष्टी. १३७ डी ही डिझेल, तिच्या इंजिनचं काही कामाचं नाही. ११८ एनई ही फियाट १२४ च्या घराण्यातली, गाडीच वेगळी. आणि मुंबईच्या टॅक्सीचं हेड घेत असाल तर व्हॉल्व्ह सीट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सीएनजीवर चाललेल्या हेडात सीट खाली बसलेल्या असतात. २० वर्षांची मर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नवा माल येणं जवळजवळ थांबलंय. काच वर-खाली करायचं मशीन, बिजागऱ्या, ब्रेकच्या बॅकप्लेट, ड्रम असलं जे चांगलं दिसेल ते आत्ताच घेऊन ठेवा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरलं तर दिवे आणि मीटर कधी कधी हाताला लागतात.

उद्यमबाग_टर्नर

ब्रेक आणि किंगपिनचं बोलतो.

व्हील सिलिंडर नवा, ब्रँडेड, सीलबंद मिळाला तर तोच घ्या. जुना ठेवायचाच असेल तर स्लीव्ह (आत नवी नळी) मारून घ्या. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचं काम करणारी इतकी वर्कशॉप आहेत की होनिंगला (आतून बारीक घासून माप आणायला) बेळगावच्या बाहेर जायला नको. बॉडीवर इंचात माप ओतलेलं असतं, ते आधी लिहून ठेवा, कारण कप त्याच मापाचा लागणार. बॉडीची जाडी पुरते काय बघून बोअर सुमारे ३ मिमीनं वाढवायचा, म्हणजे स्लीव्हची भिंत दीड मिमी. स्लीव्ह स्टेनलेस ३०४ ची किंवा पितळेची. ती भोकापेक्षा ०.०२ ते ०.०३ मिमी जाड ठेवून, लॉकिंग केमिकल लावून प्रेस करायची. तेलाचं भोक आणि ब्लीडरचं भोक त्यानंतर पाडायचं आणि शेवटी होन करून मूळ मापावर आणायचं. भोकाच्या आतल्या कडेचा बर (धारदार कंगोरा) बारीक एमरीनं गोल करायला विसरलात तर पहिल्याच दाबाला कपाची ओठाळी कापली जाते. मग गिऱ्हाईक म्हणतं, रबर खराब निघालं.

मास्टर सिलिंडरला शक्यतो स्लीव्ह नको, नवा शोधा. टाकीखाली दोन भोकं असतात. त्यातलं बारीक भोक ०.७ मिमीच्या आसपास असतं. पेडल सोडलं की तेल तिथून मागं टाकीत जातं. स्लीव्ह मारताना ते भोक जागेवरून सरकलं किंवा त्यात बर राहिला तर तेल परतत नाही. ब्रेक तापतात, चार-पाच किलोमीटरवर चाकं जाम होतात. स्लीव्ह मारायचीच पाळी आली तर बोअर करायच्या आधी तोंडापासून त्या भोकाचं अंतर व्हर्नियरनं लिहून ठेवा. पेडलला थोडा फ्री प्ले (रिकामी चाल) नसेल तरी हाच त्रास होतो, तेव्हा सिलिंडरला दोष देण्याआधी पेडल बघा.

धुवायला ब्रेक ऑइल नाहीतर स्पिरिट. रॉकेल, डिझेल, पेट्रोल अजिबात नको, कप फुगतात. ब्रेक ऑइल डॉट ३ दर्जाचं घाला, आणि तेही जुनं सगळं काढून.

किंगपिनचं किट आणलं की पहिलं काम, पिनेच्या टोकाला कानस लावा. कानस घसरली पाहिजे. पकडली तर पिन कच्ची आहे, परत करा. बुश प्रेस करताना बुशाचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलं पाहिजे, नाहीतर वरून किती ग्रीस मारा, आत जात नाही आणि सहा महिन्यांत पुन्हा ढकढक. रीमर (भोक बारीक मापावर आणायचं हत्यार) लांब आणि पायलटवाला (पुढं वाट धरणारं टोक असलेला) घ्या, वरचा-खालचा बुश एका रेषेत एकाच दमात रीम झाला पाहिजे. दोन्ही बाजूंनी आखूड रीमर मारला की पिन तिरकी बसते, स्टिअरिंग जड होतं आणि वळणावरून परत येत नाही. तेल लावून पिन अंगठ्याच्या जोरानं आत गेली म्हणजे माप बरोबर. उभा खेळ वाशरनं काढायचा, फीलर ०.१ च्या आसपास ठेवा. चाक ज्यावर बसतं तो स्टब अ‍ॅक्सल हातानं सोडल्यावर स्वतःच्या वजनानं फिरला पाहिजे.

कॉलम गिअरच्या (स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या) रॉडचे बुशही याच फेरीत बघून घ्या. डेलरिनच्या (कडक प्लास्टिकच्या) रॉडमधून टर्न करून मिळतात, दुकानात शोधत बसायचं काम नाही.

शहापूरकर११००

मिलेचेंतो दादा, ६८ आणि ७२ चं ध्यानातच आलं नव्हतं. पिस्टन रद्द. टर्नर मामा, एक शंका: इटलीतला व्हील सिलिंडर ड्रम ब्रेकवालाच घेतला, कपाचं मापही जुळलं, तर माझे जुने ब्रेक पाईप तसेच बसतील काय?

उद्यमबाग_टर्नर

तिथंच फसगत होते. इटालियन सिलिंडरचे आटे बहुधा एम १० बाय १, म्हणजे १० मिमी व्यास आणि आट्यांत १ मिमी अंतर. आपल्याकडच्या पाईपला ३/८ यूएनएफ (इंची मापाचा) नट असू शकतो, इंचाला २४ आट्यांचा. ३/८ म्हणजे ९.५२ मिमी. तो एम १० मध्ये सैलसर शिरतो, दोन-तीन फेरे फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. जोरात पेडल मारलं की आटे उपटून बाहेर. थ्रेड गेज लावून मोजा. वेगळे निघाले तर नट बदलून पाईपची फ्लेअर (पसरवलेलं तोंड) नवी मारा, टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. ब्रेकच्या सांध्याला टेप लावत नाहीत.

करवीर_क्लासिक

रबर आणि क्रोमसाठी बेळगाव-कोल्हापूर एवढं अंतर पुरे आहे.

काचेच्या रबरचा पाच सेंटीमीटरचा तुकडा कापून सोबत न्या. दोन खाचा असतात, काचेची आणि पत्र्याची. दोन्हींची रुंदी जुळली पाहिजे. नवा रंग, प्रायमर आणि पुट्टीमुळं पत्र्याची कड जाड झालेली असते, ती मोजूनच घ्या. बाजारात पीव्हीसीची पट्टी रबर म्हणून खपवतात. टोकाला गरम सोल्डरिंग आयर्न लावा. वितळून तार निघाली तर पीव्हीसी, जळून काळी पूड झाली तर रबर. ईपीडीएम (उन्हापावसात टिकणारं रबर) मागा. पीव्हीसी उन्हात आखडते, कोपऱ्यात फट पडते आणि जांबोटी-खानापूरकडच्या पावसात पाणी थेट कार्पेटखाली. नवा पत्रा मारलेला फ्लोअर दोन पावसाळ्यांत पुन्हा चाळण.

लांबी दीड-दोन सेंटीमीटर जास्त ठेवून दाबून बसवा, सांधा कोपऱ्यात आणू नका. बसवताना पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, साबणाचं पाणी लावा. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी ओढत जायची.

क्रोमवाल्याला नुसतं "क्रोम मारा" म्हटलं तर तो पॉलिश करून पातळ निकेल देऊन चमकवून देतो, एका पावसाळ्यात गंजाचे ठिपके. क्रोमचा थर चमकेपुरताच असतो, मायक्रॉनचा तिसरा हिस्सा. गंज अडवतं ते खालचं निकेल. आधी तांबं, त्यावर २० ते २५ मायक्रॉन निकेल, मग क्रोम, असं बिलावर लिहून घ्या. हँडल मात्र बंपरच्या ढिगात टाकू देऊ नका. ती जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात. लोखंडासाठी ठेवलेल्या अ‍ॅसिडच्या टाकीत ती पडली की खड्डे पडून बाहेर येतात, नक्षीची कड उरत नाही. जस्ताचं काम वेगळं करणारा प्लेटर बघा. फोड खोल असतील तर भंगारातली बरी हँडल शोधणं स्वस्त.

टायरला १५५/८० आर १४ घाला, व्यास ५.२० च्या अगदी जवळचा आहे. जुन्या रिमला ट्यूब ठेवा.

इटलीतून मागवण्यासारखं माझ्या मते थोडंच आहे: बॅज, जस्ताच्या पट्ट्या, काही दिव्यांच्या काचा. ऑर्डर देताना तिथला २२ टक्के व्हॅट वजा करून बिल मिळेल काय ते विचारा, युरोपाबाहेर माल पाठवताना बरेच विक्रेते देतात. आपल्याकडचं सीमाशुल्क आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क धरून हिशोब करा, नाहीतर बॅजपेक्षा टपाल महाग.

मिलेचेंतो

एक राहिलं. ब्लॉक लायनर मारून वाचत असेल तर वाचवा, दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकू नका. आरसी बुकात इंजिन नंबर बदलण्याची कटकट आहेच. शिवाय २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, नोंदणी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मुळाबरहुकूम असावं लागतं. पण त्या नंबरावर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. रोज बाजारात न्यायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरणच बरं. गाडी महाराष्ट्र पासिंगची असेल तर आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इकडचा टॅक्स.