शब्दचर्चा: ‘सहकार’, ‘सहकार्य’ की पदरमोड?

नौपाडा, ठाणे:
अरा नोरेनझायान यांच्या धर्म-मानसशास्त्रावरच्या संशोधनाबद्दल मराठीत लिहायचं तर पहिल्याच शब्दाला अडायला होतं. देवावरच्या श्रद्धेमुळे अनोळखी माणसांत जे ‘कोऑपरेशन’ वाढतं असं ते मांडतात, त्याला काय म्हणावं? ‘सहकार’ म्हटलं की इथे गृहनिर्माण संस्था आणि पतपेढी डोळ्यांपुढे येते. ‘सहकार्य’ म्हटलं की जिन्यातली पाटी: ‘पाणी बंद राहील, सहकार्य करावे’. शिवाय देव शिक्षा करतो या कल्पनेला ‘दैवी कोप’ चालेल का?

नेरूळ:
आधी मोजलं काय ते बघा, शब्द त्यातूनच सापडेल. शरीफ आणि नोरेनझायान यांचा 2007 चा प्रयोग घ्या. प्रत्येकाला पाच-पाच शब्दांचे दहा संच दिले. एक शब्द गाळायचा आणि उरलेल्या चारांचं वाक्य जुळवायचं. एका गटाच्या निम्म्या संचांत ‘देव’, ‘पवित्र’, ‘प्रेषित’ असे शब्द पेरलेले होते. मग हातात 10 डॉलर ठेवले: हवे तेवढे स्वतःला, उरलेले अनोळखी माणसाला. एरवी सरासरी 1.84 डॉलर दिले गेले, देवाचे शब्द वाचलेल्यांनी 4.22 दिले. पुढच्या फेरीत ‘न्यायालय’, ‘पोलीस’, ‘करार’ या शब्दांनीही जवळपास तेवढाच फरक पडला. मात्र 2015 मध्ये बऱ्याच मोठ्या गटावर फेरप्रयोग झाला, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. लेखात पहिले आकडे देऊन हे वगळलं तर ती वाचकाची फसवणूक होईल.

आता शब्द. देणाऱ्याच्या खिशातून जातं आणि परत काहीच येत नाही, कारण घेणारा कोण ते त्याला कळत नाही. म्हणून ‘परस्पर सहकार्य’ साफ चूक. ‘सावड’ही नाही, सावडीत आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. इर्जिकीतही, म्हणजे गावाने मिळून एकाचं शेत उरकून देण्यातही, कामाला येतात ते ओळखीचेच. आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘पदरमोड’. पहिल्या उल्लेखाला ‘पदरमोड करून केलेलं सहकार्य’ लिहावं, नंतर नुसतं ‘सहकार्य’ पुरे.

‘कोप’ मात्र नको. गावदेवीचा मान चुकला की ती कोपते, शेजाऱ्याला मापात मारलं म्हणून कोपली असं सहसा कोणी म्हणत नाही. नोरेनझायान यांना अभिप्रेत देव माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याकडे लक्ष ठेवतो. ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ ही म्हण त्याची. तिथे ‘दैवी शासन’ म्हणा, आणि मनावर होणाऱ्या परिणामाला ‘धाक’.

नौपाडा, ठाणे:
पदरमोड पटलं. पण त्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात नाण्यांचा खेळ आहे, त्यात तर कोणी काही देतच नाही. तिथेही तोच शब्द?

नेरूळ:
नाही, तिथे वेगळा हवा. पर्झिकी, नोरेनझायान आणि सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास: फिजी, व्हानुआटूतलं तान्ना बेट, रशियातलं तुवा, मॉरिशस वगैरे ठिकाणचे आठ समाज, 591 माणसं. 30 नाणी, दोन कप, एक फासा. फाशाच्या तीन बाजू एका रंगाच्या, तीन दुसऱ्या. मनात एक कप धरायचा, फासा टाकायचा. एक रंग आला तर नाणं त्याच कपात, दुसरा आला तर समोरच्या. मनातला कप कोणाला दिसत नाही, त्यामुळे एकेका नाण्याची लबाडी पकडता येत नाही. पण नियम पाळला तर सरासरी 15-15 पडायला हवीत, म्हणून बेरजेत ती उघडी पडते. एका खेळात एक कप स्वतःचा, दुसऱ्यात आपल्या गाववाल्याचा, आणि समोरचा कप दोन्ही वेळा दूरच्या, अनोळखी सहधर्मीयाचा. देवाला सगळं कळतं आणि तो शिक्षा करतो असं मानणाऱ्यांनी दूरच्या माणसाच्या कपात जास्त नाणी टाकली. हा ‘दानशूरपणा’ नव्हे, त्यांनी फक्त माप मारलं नाही. ‘निःपक्षपात’ लिहा. आणि ‘सहधर्मीय’ गाळू नका. परधर्मीयाशी कसं वागतील हे या खेळातून कळत नाही.

दिवाळे, बेलापूर:
याच विषयात ‘कॉस्टली सिग्नल’ येतो, म्हणजे दाखवायला महाग पडते म्हणून खरी मानली जाणारी निष्ठेची खूण. त्याला ‘महागडा संकेत’ लिहिलेलं कानाला खटकतं. कोळीवाड्यात ‘त्याने माळ घातली’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, मासळी सुटली. ज्या घरात रोज कालवण त्या घरात हे सोडणं सोपं नाही, म्हणूनच माळेवर विश्वास बसतो. टिळा कोणीही लावतो. रिचर्ड सोसिस यांनी 19 व्या शतकातल्या, एकत्र राहून सामुदायिक जीवन जगणाऱ्या 83 अमेरिकी वसाहतींच्या नोंदी तपासल्या. धार्मिक वसाहतींत सभासदांवर जितकी जास्त बंधनं तितकी वसाहत जास्त टिकली, धर्मनिरपेक्ष वसाहतींत तसं आढळलं नाही. ‘झीज सोसून दाखवलेली खूण’ कसं वाटतं?

नौपाडा, ठाणे:
‘झिजेची खूण’ करू या, वाक्यात बसतं.