तुटलेली गायडवायर: काढायचीच की राहू द्यायची?

कॅथलॅबकर
अँजिओप्लास्टीत बलून-स्टेंटला वाट दाखवणारी बारीक तार म्हणजे गायडवायर; तिचं टोक तुटून कोरोनरीत (हृदयाच्या रक्तवाहिनीत) राहिलं की लॅबमध्ये एकदम शांतता पसरते. मग सुरू होतो हट्ट. स्नेअर (तारेचा फास) टाका, दोन-तीन वायरी सोडून पीळ द्या, बलून फुगवून तुकडा कॅथेटरच्या नळीत दाबा आणि ओढा. माझं मत विचाराल तर तुकडा लहान आहे, बारीक शाखेच्या शेवटाला आहे आणि रक्त नीट वाहतंय, तर हात आवरावा. ०.०१४ इंचाची तार ती, जेमतेम ०.३६ मिमी. ती काढायच्या नादात रक्तवाहिनीच फाटली तर?

निवृत्त सर्जन
तुकडा म्हणजे नुसती काडी वाटते का तुम्हाला? टोकावर कॉइलचे वेढे असतात. जोर लावून ओढलं की स्वेटर उसवावा तसे सुटत जातात आणि ते सूत थेट महाधमनीत लोंबतं. फ्लुरोवर (चालू एक्स-रेवर) ठळक दिसतात बहुतेक वायरींचे शेवटचे दोन-तीन सेंमी, बाकीचं शोधत बसा. त्यावर गुठळी धरली आणि मेंदूकडे सुटली तर? असलं सूत मी ठेवणार नाही. वेळ आली तर छाती उघडेन.

कॅथलॅबकर
महाधमनीचं मी बोललोच नाही, सर. 'लहान' आणि 'शेवटाला' हे दोन शब्द तुम्ही गाळलेत.

निवृत्त सर्जन
नाही गाळले. लहान आहे हे ठरवलं कशावरून? नजरेनं?

टेबलावरची सिस्टर
सर इथे बरोबर आहेत. आम्ही बाहेर आलेली वायर पुसून, सरळ करून त्याच जातीच्या नव्या वायरशेजारी ठेवतो. १९० सेंमीतली किती कमी भरली ते लगेच कळतं. आतला गाभा तुटलाय की नुसती कॉइल सुटलीय, तेही दिसतं. घाईत ती डब्यात गेली की उरतो फक्त अंदाज. आणि एक, रागवू नका: वायर 'आपोआप' तुटली असं दर वेळी ऐकते. टोक अडकलेलं असताना एकाच दिशेनं पीळ देत राहिलं किंवा स्टेंटमागे दबलेली वायर हिसकली, तर ती बिचारी काय करणार?

कॅथलॅबकर
दर वेळी हाताचीच चूक नसते. कॅल्शियमनं दगड झालेल्या ब्लॉकमध्ये टोक एकदा रुतलं की भल्याभल्यांचं चालत नाही.

पेशंटचा मुलगा
वडिलांच्या हृदयात तुकडा राहिलाय हे आम्हाला तीन महिन्यांनी, दुसरीकडे अँजिओग्राफी केली तेव्हा कळलं. डिस्चार्ज कार्डावर अक्षर नाही. ठेवलात त्याचा राग नाही. पण रक्त पातळ करायची गोळी बंद करू का, असं मी मधे फॅमिली डॉक्टरांना विचारून बसलो होतो!

कॅथलॅबकर
हे लिहायलाच हवं होतं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण मोठ्या शाखेत तुकडा भिंतीला चिकटून असेल तर वरून स्टेंट टाकून दाबणं मला अजूनही ऑपरेशनपेक्षा बरं वाटतं.

निवृत्त सर्जन
दाबा. फक्त सूत महाधमनीत आलेलं दिसलं तर मला फोन आधी करा, चौथा स्नेअर फसल्यावर नको.